तक्रार 'आवाज येत नाही' एवढीच येईल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

संगीत संशोधन केंद्रात संगणक आणि ध्वनी या दोन्हींची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. नेमणूकपत्रात ही दोन कामं वेगवेगळ्या ओळींत असतील. प्रत्यक्षात ती एकच आहेत. जो बिघाड कोणाच्याच हाती लागत नाही, तो बहुतेकदा या दोहोंच्या मधोमध असतो. एक म्हणतो संगणक ठीक आहे, दुसरा म्हणतो केबल ठीक आहे, आणि संगीतकार हेडफोन लावून खोळंबलेला.

तक्रार आली की लगेच सेटिंग उघडू नकोस. आधी स्वतः ऐक. सलग गुणगुण असेल तर तिचा सूर बघ. तो विजेच्या वारंवारितेवर, म्हणजे देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर किंवा त्याच्या पटीत असेल, तर ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी जमिनीला जोडली गेल्याचा, संशय घे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. गुणगुण थांबली तर निम्मा शोध तिथेच संपला.

मधूनच टक् टक् येत असेल तर दोन कारणं नेहमीची. दोन डिजिटल उपकरणं आपापल्या क्लॉकवर, म्हणजे आवाजाचे नमुने मोजणाऱ्या स्वतःच्या घड्याळावर, चाललेली असतात. एकाला मुख्य करून बाकीच्यांना त्याच्यामागे चालायला लाव. नाहीतर बफर, म्हणजे प्रक्रियेसाठी आवाज थोडा थोडा साठवणारी जागा, अपुरा पडतोय. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेतले जात असताना, २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरचं काम उरकलं नाही की आवाज तुटतो. बफर १०२४ केलास तर तुटणं थांबेल, पण एका बफरचाच उशीर २१ मिलिसेकंदांवर जाईल, आणि आवाज आत येऊन बाहेर पडेपर्यंत त्याहून बराच जास्त. वाजवणाऱ्याच्या बोटांना तो लगेच कळतो. एरवी सर्व्हर अर्धा सेकंद रेंगाळला तर कोणाला पत्ताही लागत नाही. इथे वाजवणंच थांबतं. म्हणून बफर किती ठेवायचा हे वाजवणाऱ्याला शेजारी बसवून ठरव.

फँटम पॉवर, म्हणजे मायक्रोफोनला केबलमधूनच दिली जाणारी वीज, चालू-बंद करण्याआधी स्पीकर बंद कर. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात कुठलंही अपडेट नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटणारं काम सांगतो. तुझ्या केंद्रात अशा रचना असतील ज्या एखाद्या ठरावीक यंत्रावरच वाजत होत्या. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांची 'रेपों' १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत संशोधन संस्थेतल्या फोर-एक्स या यंत्रावर उभी राहिली. ते यंत्र मागे पडल्यावर तिचा इलेक्ट्रॉनिक भाग नव्या प्रणालींवर पुन्हा उभारावा लागला, म्हणून ती आजही वाजवता येते. उलट सी-साउंड या ध्वनिनिर्मितीच्या संगणकभाषेत लिहिलेली रचना मुळात साधा मजकूर असते, त्यामुळे दशकांनंतरही ती उघडून वाचता तरी येते. यातून घ्यायचं ते असं की फक्त पॅचची, म्हणजे आवाजावरच्या प्रक्रिया जोडून बनवलेल्या प्रोग्रामची, फाइल जपणं पुरेसं नाही. कोणती आवृत्ती, कोणता सॅम्पल रेट, किती चॅनल, कोणता स्पीकर कुठे होता, हे लिहून ठेव. प्रत्येक प्रक्रिया आवाजाचं काय करत होती तेही साध्या वाक्यांत लिही. शक्य असेल तर प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा आवाज वेगवेगळा ध्वनिमुद्रित कर. उद्या पॅच उघडला नाही, तरी नवा माणूस दोन्ही ऐकून काम पुन्हा उभारू शकेल. हे सगळं संगीतकार हाताशी आहे तोवरच विचारून घ्यायचं. नंतर उत्तर देणारं कोणी उरत नाही.

रेडवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या साठवणीवर, ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. चुकून पुसलेली फाइल रेडच्या सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव, आणि अधूनमधून ती उघडून, वाजवून बघ.

तालमींना मात्र बस, काम नसलं तरी. कोणत्या क्षणी कोण कशावर अवलंबून आहे, हे तिथेच दिसतं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पॅच-बेपासून, म्हणजे सगळ्या तारा एकत्र येतात त्या जोडफळ्यापासून, स्पीकरपर्यंत कोणती तार कुठे जाते त्याचा नकाशा काढ आणि मला पाठव. आधीचा नकाशा असेलच, पण तो ताडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस.