एनसीबी ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याकडून पॉलिसी घेऊ नका

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. गाडीला तीन वर्षं झाली, रिन्यूअल आलंय, ओळखीचे एजंट काका पंधरा हजार सांगतायत आणि मोबाइलवर तशीच पॉलिसी अकरा हजारांत दिसतेय, तर कुठून घेऊ, असं तुम्ही विचारलंय. पुढे जाता जाता लिहिलंय, की मागच्या पावसाळ्यात दरवाजाचा छोटा क्लेम घेतला होता, पण काका म्हणतात एनसीबी (‘नो क्लेम बोनस’, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल रिन्यूअलला मिळणारी सूट) चालून जाईल, म्हणजे क्लेम असूनही लावून टाकू. वरच्या प्रतिक्रियांत सगळे पंधरा की अकरा यावरच बोलतायत. मला त्या ‘चालून जाईल’बद्दल बोलायचंय. माझ्या पॉलिसीत कुणीतरी परस्पर हेच ठरवून टाकलं होतं आणि ते मला फार महागात पडलं.

आधीच सांगते, मी विमा क्षेत्रातली नाही, कुणाची एजंट नाही, वकीलही नाही. एक मोठा क्लेम लढवताना जे कळलं तेच लिहितेय. पुढे तीन शब्द येतील: थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, आणि आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत.

पुण्यातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसातून मी गाडीची पॉलिसी घ्यायचे. नाव लिहीत नाही. एका वर्षी पार्किंगमध्ये बंपर फुटला, क्लेम घेतला, पैसे मिळाले. रिन्यूअलच्या वेळी त्या ऑफिसला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं, की यंदा क्लेम झालाय, त्याप्रमाणे कोट द्या. पॉलिसी आली, तर तिच्यात ३५ टक्के एनसीबी. मी फोन करून विचारलं, क्लेम घेतला असताना हा कसा? पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, तो सिस्टिमच देते, तुम्ही काळजी करू नका.’ प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठी आपल्या नावाने भरलेला अर्ज, मागितला, तर म्हणाले ऑनलाइन भरलाय, वेगळा कागद नसतो. हे खोटं होतं. ऑनलाइन भरला तरी प्रपोजल असतोच, आणि त्याची प्रत मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

त्याच वर्षी कोल्हापूरहून परत येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे पावसात पुढचा ट्रक अचानक थांबला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. कुणाला लागलं नाही, पण बॉनेट, रेडिएटर, दोन्ही एअरबॅग, सगळं गेलं. सर्व्हेअर येऊन गेला, गॅरेजचं एस्टिमेट दीड लाखाच्या वर गेलं, आणि काम निम्म्यावर आलं असताना कंपनीचं पत्र आलं: मागच्या पॉलिसीवर क्लेम असताना चुकीची माहिती देऊन एनसीबी घेतला आहे, सबब क्लेम नामंजूर. कॅशलेस, म्हणजे कंपनीने गॅरेजला थेट पैसे देणं, बंद. पूर्ण पैसे भरल्याशिवाय गॅरेज गाडी सोडेना, म्हणून एफडी मोडावी लागली.

ब्रोकरच्या त्या ऑफिसात गेले, तेव्हा समोरच्या बाईंनी मला सांगितलं, ‘क्लेम हा कंपनीचा विषय, आमचं काम पॉलिसी देण्यापर्यंत.’ इतक्या वर्षांचं कमिशन घेणाऱ्यांनी हे तोंडावर सांगावं याचा संताप अजून जात नाही. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, पण ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी आहे. क्लेमच्या वेळी ग्राहकाला मदत करणं हे आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ब्रोकर नियमांत त्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे. माझा व्हॉट्सॲप मेसेज दाखवला, तर ज्याने फॉर्म भरला तो मुलगा आता इथे नाही म्हणाले. नंतर नंतर तर माझा नंबर बघून फोन उचलणंच बंद झालं.

शेवटी मला तारलं ते त्या व्हॉट्सॲप मेसेजने आणि एका जुन्या नियमाने. ‘मोटार टॅरिफ’ या गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीतल्या २७ व्या सामान्य नियमात लिहिलंय, की नव्या कंपनीने ग्राहकाच्या सांगण्यावरून एनसीबी दिला, तर पॉलिसी सुरू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत तिने आधीच्या कंपनीला पत्र लिहून खात्री करून घ्यायची. माझ्या वेळी नव्या कंपनीने क्लेम येईपर्यंत काहीच विचारलं नव्हतं. प्रीमियम घेताना शांत राहायचं आणि क्लेम आला की जुनी फाइल उघडायची, हे चालणार नाही, असं मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवलं. साचेबंद नकार आला. मग पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या कार्यालयात, अर्ज केला. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही, आपणच बोलायचं. मध्यस्थीत क्लेमच्या देय रकमेच्या तीन चतुर्थांशावर तडजोड झाली. बाकीचे पैसे गेले ते गेलेच.

आता तुमचा हिशेब करू. समजा, तुमच्या पॉलिसीत ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० आहे. एनसीबी फक्त त्याच्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. क्लेमविना तीन वर्षं झाली असती तर ३५ टक्के, म्हणजे २,८००, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून साधारण ३,३०० रुपये. काका ‘चालून जाईल’ म्हणतायत ते एवढ्या रकमेसाठी. उद्या गाडी ठोकली तर पणाला लागतील लाख-दीड लाख, आणि प्रपोजलवर सही तुमची असेल, काकांची नाही. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना रिन्यूअल हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच. पण ज्याला तुमच्या नावावर खोटं लिहायला काही वाटत नाही, त्याच्याकडून मी तरी पॉलिसी घेणार नाही, मग तो कितीही जवळचा असो.

पण थांबा, मोबाइलवरचे अकरा हजारही खरे असतीलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला का?’ या प्रश्नाचं उत्तर आधीच ‘नाही’ भरलेलं असतं. तुम्ही हात लावला नाहीत तर खोटी माहिती तुमच्याच मोबाइलवरून जाईल. ‘हो’ करा आणि बघा आकडा कुठे जातो. तुमच्या केसमध्ये यंदा एनसीबी शून्य व्हायला हवा. फक्त मागच्या पॉलिसीत ‘एनसीबी प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन (जास्त पैसे भरून घेतलेलं जादा संरक्षण) असेल तर तो वाचू शकतो, ते आधी तपासा.

ऑनलाइन आकडा कमी दिसण्याची आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे ऐच्छिक वजावट. कुठेतरी खाली ५,००० किंवा ७,५०० वर टिक केलेली असते, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तेवढे पैसे आधी तुमच्या खिशातून. दुसरं म्हणजे आयडीव्ही खाली ओढलेली असते. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची आयडीव्ही साधारण शोरूम किमतीतून ४० टक्के घसारा वजा करून येते. त्याहून बरीच कमी दिसली तर स्वस्ताई तिथूनच आलीय. ‘आपली गाडी काही चोरीला जाणार नाही’ असं म्हणून लोक हे सोडून देतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पुरात माझ्या मावशीची गाडी छतापर्यंत बुडाली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि हिशेब आयडीव्हीवरच होतो. मावशीला नीट पैसे मिळाले, कारण तिच्या एजंटाने दर वर्षी आयडीव्ही पूर्ण ठेवली होती. शिवाय पाणी ओसरल्यावर तो स्वतः येऊन सांगून गेला, की कुणीही किल्ली फिरवायची नाही. पाणी गेलेलं इंजिन चालू केलं आणि बिघडलं, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ ॲड-ऑन नसताना कंपनी ते नुकसान देत नाही. तुमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात असेल तर हे ॲड-ऑन घ्याच.

म्हणून मी सरसकट एजंटांच्या विरोधात नाही. मावशीच्या एजंटासारखा माणूस असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी मी देईन. फक्त तो क्लेमच्या वेळी आलाय का, हे त्याच्या जुन्या ग्राहकांना विचारा. पॉलिसी विकताना सगळेच गोड बोलतात.

आणि ‘ब्रोकर की ऑनलाइन’ अशी सरळ विभागणी आता राहिलेली नाही. तुलना करून देणाऱ्या बऱ्याच मोठ्या वेबसाइट स्वतःच ब्रोकर आहेत, पॉलिसीबझारला २०२१ मध्ये ब्रोकरचा परवाना मिळाला. ॲको किंवा डिजिट या थेट विमा कंपन्या. शोरूमवाला बहुतेक वेळा ब्रोकर किंवा कंपनीच्या वतीनेच विकत असतो, आणि पॉलिसी इथूनच घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही. थर्ड पार्टीचा दर तर सरकारने ठरवलेला, सगळीकडे सारखा: १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये. तुम्ही लिहिलंय की प्रीमियम एकदम वाढलाय. त्याचं एक कारण हेच असणार. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम भरली होती, ती आता संपली. यात काकांचा दोष नाही.

मी आता काय करते? निवडलेल्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन थेट घेते. तुलनेच्या साइटवर बघते, पण भरत तिथे नाही. हे माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही. गाडी शहरात, कागदपत्रं साधी आणि फॉर्मची प्रत्येक ओळ स्वतः वाचायची तयारी, एवढं असेल तर मधे कुणाची गरज मला वाटत नाही. पण बाहेरून सीएनजी किट बसवलंय आणि आरसीवर नोंद अजून नाही, गाडी वडिलांच्या नावावरून करायचीय, किंवा पॉलिसीची मुदत टळून गेलीय, अशा वेळी मात्र जाणकार माणूस हवा. मुदत टळल्यावर ९० दिवस उलटले तर उरलासुरला एनसीबीही जातो, हे अनेकांना गाडी विकायच्या वेळी कळतं. आणि एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला वापरता येतो. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण शोरूमवाले हे सांगत नाहीत म्हणून लिहिलं.

कुणाकडूनही घ्या, पैसे मात्र थेट कंपनीच्या नावे भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नका. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. ‘आज तुम्ही मला पाठवा, मी उद्या भरतो’ यात एखादा उशीर झाला आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर भांडत बसावं लागेल. पॉलिसी आली की तिचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आणि काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची तारीख बदललीय का तेही. बनावट पॉलिसीचे प्रकार होतात.

आधीच कुणाचा क्लेम अडकला असेल तर: नकार लेखी मागा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे जा, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत. २०२१ पासून ब्रोकरच्या सेवेबद्दलची तक्रारही लोकपालाकडे करता येते. माझ्यासारखं ‘आमचं काम पॉलिसी देण्यापर्यंत’ असं कुणी ऐकवलं असेल, तर त्याचंही नाव अर्जात घाला. मी घातलं होतं. त्यानंतर त्यांचा फोन आपणहून आला.

तुम्ही आजच एक करा. काकांना व्हॉट्सॲप करा: ‘मागच्या वर्षी क्लेम झालेला आहे. एनसीबी शून्य धरून, आयडीव्ही पूर्ण ठेवून, झिरो डेपसह कोट पाठवा आणि भरण्याआधी प्रपोजल दाखवा.’ (झिरो डेप म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता क्लेम देणारं ॲड-ऑन.) हीच माहिती घालून कंपनीच्या साइटवरही आकडा काढा. दोन्हींत हजार-दीड हजाराचाच फरक निघाला आणि काकांनी प्रपोजल दाखवला, तर खुशाल त्यांच्याकडून घ्या. दाखवायला टाळाटाळ केली तर थेट कंपनीकडून. जुन्या पॉलिसीचं पहिलं पान नाव आणि नंबर झाकून इथे टाकलंत, तर एनसीबी प्रोटेक्ट त्यात आहे का ते बघून सांगते.