एस्प्रेसो यंत्र : दाबाचा आकडा किती महत्त्वाचा?

प्रश्न : घरासाठी एस्प्रेसो यंत्र घ्यायचे आहे. जाहिरातींत कुठे १५, तर कुठे २० बार दाब लिहिलेला असतो. जास्त दाबाचे यंत्र अधिक चांगले समजावे काय? आम्ही दोघेही दुधाची कॉफी पितो.

उत्तर : तसे समजू नये. एस्प्रेसो उतरताना साधारण ९ बार दाब पुरतो. जाहिरातीतला आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो. त्याऐवजी पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिर राहते का, हे पाहावे. आपल्याला दूध फेसाळायचे असल्याने बॉयलरचाही (पाणी तापवणाऱ्या टाकीचाही) विचार करावा लागेल : एकाच बॉयलरच्या यंत्रात कॉफी काढल्यावर वाफेसाठी तो आणखी तापेपर्यंत थांबावे लागते. दोन कपांपुरता हा खोळंबा सोसण्याजोगा आहे. दुहेरी बॉयलरचे यंत्र सोयीचे, पण बरेच महाग पडते.

मात्र हात सैल सोडायचा तो कॉफीच्या बिया दळणाऱ्या ग्राइंडरसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे (दिसायला तो रुबाबदार नसतो, म्हणून पुष्कळांना हे पटत नाही). १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम कॉफी उतरावी, असे प्रमाण सुरुवातीला धरतात; तीच १० सेकंदांत फिकट, पाणचट धारेने वाहून गेली, तर दळण किंचित बारीक करावे लागते, आणि इतका सूक्ष्म फरक पात्यांच्या साध्या ग्राइंडरमध्ये साधत नाही. तयार दळलेलीच कॉफी वापरणार असाल, तर दुहेरी तळाची जाळी (पूड भरायची वाटी; दळण नेमके नसले तरी ती दाब टिकवते) असलेले यंत्र घ्यावे.