‘माझ्यामुळं घरात कुणाला काय झालं तर?’

20 ऑक्टोबर 2021 पासून महाराष्ट्रात कोरोना लशीचे दोन्ही डोस झालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयं उघडली. तेव्हापासून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं एकच प्रश्न घेऊन यायची: “कॉलेजला जाऊन मीच घरी कोरोना आणला तर?” स्वतःच्या जिवाची काळजी क्वचितच कुणी बोलून दाखवायचं.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कागल तालुक्यातली मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी. पहिलं वर्ष मोबाइलवर झालं, ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) हातात न धरताच. आता प्रात्यक्षिकं सुरू झाली, तर हिचा पाय घरातून निघेना. एसटीचा संप असल्यानं माझ्याकडे मात्र वडापनं, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपनं यायची, दाटीवाटीत, काचा बंद. दोन बाकांत अंतर ठेवलेल्या प्रयोगशाळेपेक्षा ती जीप जास्त धोक्याची, हे तिला पटकन कळलं. पण कळल्यानं भीती गेली नाही. माहितीनं जाणारी भीती माझ्यापर्यंत येतच नाही म्हणा.

“मला एकदा कुणीतरी सांगू दे, आजीला काय होणार न्हाई म्हणून. उद्यापासनं जातो मी.”

“असं कोण सांगू शकेल?”

“कोण न्हाई.”

“मग तोवर घरात बसायचं?”

ती गप्प. शंभर टक्के खात्री हवीच, हा हट्ट धरला की माणूस जागचा हलत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की आजीच्या वतीनं तू परस्पर ठरवते आहेस, तिलाच विचारून ये.

आजीचं उत्तर मला फार आवडलं. “मी रोज दोन टायमाला डेअरीत दूध घालाय जातो. तितं काय कोरोना वाट चुकतोय व्हय?” आजीचेही दोन्ही डोस झाले होते.

“आजीला डेअरीत लागण झाली असती तर?” मी विचारलं.

“वाईट वाटलं असतं. दवाखान्यात नेलं असतं.”

“आणि तुझ्याकडून झाली तर?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “तर मी काका होणार.”

मी काही विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या लाटेत काका पुण्याहून गावी आला. काही दिवसांनी आजोबा आजारी पडले आणि गेले. “त्यानंच आणलं,” हे वाक्य घरात चुलीपासून गोठ्यापर्यंत फिरत राहिलं. काका त्यानंतर घरी आलेला नाही.

माझा अंदाज खरा ठरला. हिला विषाणूपेक्षा त्या वाक्याची धास्ती होती. आजीचं आजारपण ती सोसू शकली असती. ‘हिनं आणलं’ हे सोसवलं नसतं.

“काकाची चूक होती?”

“त्याला काय म्हाईत होतं मॅडम? खोकला पण नव्हता त्याला.”

“तुला तरी काय माहीत असणार आहे?”

ती रडली. नंतर डोळे पुसून म्हणाली, “पण काळजी तर घ्यायलाच पायजे की.” मी याच ‘पण’ची वाट बघत होते. दोषाची भीती उतरली, की माणूस काळजी घेण्यापर्यंत येतो. त्याआधी तो नुसता थिजलेला असतो. घडणाऱ्या प्रसंगापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त कोंडतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे.

त्यानंतर ती प्रात्यक्षिकांना जाऊ लागली. वडापमध्ये खिडकी उघडायला लावायची, उतरेपर्यंत मास्क काढायची नाही. डबा झाडाखाली, थोडं लांब बसून खायची. हे सगळ्यांनीच करावं, असं मी तेव्हा सांगायचे. वर्गात मास्क लावून बसलेली मुलं डब्याच्या वेळी अगदी जवळ बसून गप्पा मारायची आणि दिवसभराची खबरदारी तिथं वाया घालवायची. हवा खेळती हवी, खिडक्या थंडीतही उघड्या हव्यात. लस घेतल्यावरही लागण होऊ शकते; आजार गंभीर होण्याची शक्यता मात्र खूप कमी होते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे डोस आधी पूर्ण करा, असंही मी तेव्हा सांगायचे.

घरच्यांना आणि प्राध्यापकांना माझं मागणं वेगळं आहे. ‘कुणी आणलं’ याचा शोध लावू नका. ज्या घरात असा शोध चालतो, तिथलं पोरगं घसा दुखायला लागला की गोळी गिळून गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी तसंच वर्गात जातं. हजेरी कापली जाईल म्हणून ताप लपवणारी मुलंही मी पाहिली आहेत. “मला बरं वाटत नाही, आज घरी थांबतो, टेस्ट करतो,” असं मुलानं म्हटलं, तर पहिला शब्द ‘बरं केलंस सांगितलंस’ असा यावा. बाकीचं, म्हणजे कुठं गेला होतास, कुणाबरोबर होतास, हे टेस्टचा रिपोर्ट आल्यावर शांतपणे विचारता येतं. तेही संपर्कात आलेल्यांना कळवण्यापुरतंच.