पावसाळा संपेपर्यंत थांबू नका. आमची एक भिंत त्या थांबण्यात गेली.

तुम्ही विचारलंय की पर्वरीच्या तुमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या छताला आणि भिंतीला ओल आली आहे, सोसायटीवाले म्हणतात पावसाळा संपल्यावर बघू, तर तोवर थांबल्याने खरंच एवढं बिघडतं का आणि कोणतं वॉटरप्रूफिंग करून घ्यावं.

वॉटरप्रूफिंगचं शेवटी सांगते. आधी त्या 'पावसाळा संपल्यावर बघू'चं. हे वाक्य मी माझ्या माहेरी 2021 साली मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत ऐकलं आहे. 'पावस सोंपूं दी, मागीर पळोवया.' तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं पुन्हा वर आलं.

माझं माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. घर आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं जोतं, चिरे मातीत रचून उभ्या केलेल्या भिंती, किंदळाच्या लाकडाचे वासे आणि वर मंगलोरी कौलं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मागच्या फणसाची फांदी छपरावर पडली. समोरून दिसणारी फुटकी कौलं दादाने त्याच आठवड्यात बदलली. मागे, आईच्या खोलीवर, पाच-सहा कौलं सरकली होती आणि दोन तडकली होती. ती तशीच राहिली. तेव्हा संचारबंदी होती, मी फोंड्याला अडकलेली. जूनच्या पहिल्या पावसात आईने व्हिडिओ कॉलवर डाग दाखवला, पोळपाटाएवढा. मी तेव्हाच दादाला म्हटलं की आज ताडपत्री घाल, मेस्त, म्हणजे गवंडी, मिळेल तेव्हा मिळेल.

जूनच्या शेवटी जाता आलं. खोलीत शिरल्याबरोबर तो कुबट वास आला. भिंतीला तळहात लावला तर माठाला लावावा तशी थंड. वर बघितलं तर भिंतीवर टेकलेलं वाशाचं टोक काळं पडलेलं. दादाचं म्हणणं असं की पावसात छपरावर माणूस चढवला तर त्याच्या पायाखाली दहा कौलं आणखी फुटतील. हे खरं आहे, मी ते तेव्हाही मान्य केलं होतं. पण शिडी लावून मागच्या पडवीच्या बाजूने ताडपत्री सरकवता आली असती, वर चढायची गरजच नव्हती. दोन तासांचं काम. मी फार लावून धरलं तेव्हा तो म्हणाला, "तू सासरी गेलीस, घर मी बघतो, तुला इथलं काय कळतं?"

गोव्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस आहेत, हे दादाला माहीत आहे. बाबांच्या माघारी त्या घरावर माझंही नाव आहे. त्या दिवशी मी हक्काचा शब्दही काढला नव्हता, ताडपत्री मागत होते. पण मला गप्प बसवायला त्याने तेच काढलं आणि मी गप्प बसले. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पाणी नेमकं काय करतं ते. ओल्या भिंतीवर, कापडावर, लाकडावर बुरशी धरायला एक ते दोन दिवस पुरतात. आपल्याकडे जुलैत हवाच इतकी दमट की भिजलेलं आपोआप सुकत नाही, आणि खिडक्या उघड्या टाकल्या तर बाहेरची ओल आत येते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. त्यावर ओल महिनाभर राहिली की ते कुजायला लागतं, आणि ओल्या लाकडाला वाळवीही लागते. वाशाचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं ते सगळ्यात आधी जातं, कारण तिथे वारा लागत नाही. चिऱ्यांमधली माती भिजली की तिची धरून ठेवायची ताकदच संपते. आणि चिरा पाणी पितो.

'चिरा म्हणजे दगड, त्याला काय होतं' हे दादाचं दुसरं वाक्य. चिरा खाणीतून निघतो तेव्हा करवतीने कापण्याइतका मऊ असतो, वाऱ्याला लागून कठीण होतो, पण आतून जाळीदारच राहतो. म्हणून जुन्या लोकांनी त्याच्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा दिला. जुन्या गोव्यातली बॉम जेझूसची बॅसिलिका बघा. 1605 मध्ये ती तयार झाली तेव्हा गिलावा केलेली होती. 1950 च्या दशकात बाल्तझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाने गिलावा उतरवून चिरा उघडा केला. आज सगळ्यांना तो लाल रंगच मूळचा वाटतो, पण तेव्हापासून पाऊस तो चिरा झिजवतो आहे आणि गिलावा परत द्यावा अशी मागणी होते आहे. एवढ्या जाड भिंतींच्या वास्तूची ही गत, मग आईच्या खोलीचं काय घेऊन बसलात.

आमच्या भिंतीला आणखी एक दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी दादाने त्या मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, 'मजबूत व्हावी' म्हणून. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, भिजली तरी उन्हाळ्यात ती सुकते. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं. वरून कौलांतून पाणी मधल्या मातीत उतरत होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती.

23 जुलैला सत्तरीत पूर आला. 1982 नंतरचा सगळ्यात मोठा, असं तेव्हा मुख्यमंत्रीही म्हणाले होते. म्हादई नदीचं पाणी आमच्या गावात खालच्या वाड्यात शिरलं. आमचं घर वर, टेकाडावर, तिथे थेंब आला नाही. खाली आईची मैत्रीण राहते, आम्ही तिला काकी म्हणतो. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.

त्या घराने काय केलं ते मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. पाणी पायरीला लागलं तेव्हाच काकीच्या मुलाने मेन स्विच पाडला. पाणी उतरायला लागलं तसतसा ते गाळ खराट्याने पाण्याबरोबरच बाहेर लोटत गेले, कारण तो एकदा बसला की खरवडून काढावा लागतो. विहीर पुराच्या पाण्याने बाटली होती, म्हणून पागोळ्यांचं पाणी पिंपांत धरून त्यांनी त्याने भिंती धुतल्या. जिथे गिलावा फुगला होता तिथे दोन हात उंचीपर्यंत तो त्याच दिवशी पाडून टाकला, चिरा उघडा केला. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून चिऱ्यांवर उचलून ठेवली. भिजलेल्या गाद्या टाकून दिल्या, त्यावर चर्चा झाली नाही. नंतर आठ-दहा दिवस पंखे आणि चूल अखंड चालू. काकीच्या घरी पैसा आमच्यापेक्षा कमी आहे आणि पाणी आमच्यापेक्षा हजारपट जास्त शिरलं होतं. ते घर आज उभं आहे, भिंतीवर पाण्याची रेघ तेवढी राहिली आहे.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये दादाने आईची खोली रंगवून घेतली. त्या वर्षी चवथ 10 सप्टेंबरला होती, घरात गणपती येणार, पाहुणे येणार, भिंतीवर काळे डाग दिसायला नकोत. प्लास्टिक पेंटचे दोन हात. हे मी अगदी स्पष्ट लिहिते: चवथीसाठी ओल्या भिंतीला रंग देणं ही गोव्यातली सगळ्यात वाईट सवय आहे. भिंत वर्षभरात सर्वांत ओली असते ती ऑगस्टमध्ये आणि आपण तेव्हाच तिचं तोंड बांधतो. पंचमीच्या दिवशी रंगाला फुगे आले. मी एका फुग्याला नख लावलं तर आतून पाणी ओघळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, पाऊस नसताना ती भिंत बसली. आई स्वयंपाकघरात जेवण वाढत होती. पंधरा मिनिटं आधी ती त्याच भिंतीला टेकून बसली होती.

मेमध्ये सात-आठ कौलं आणि एक ताडपत्री लागली असती. भिंत, वासे आणि अर्धं छप्पर नव्याने करायला तीन लाख चाळीस हजार गेले. वादळाची नुकसानभरपाई मागायला मामलेदारांकडे अर्ज वेळेत दिला असता, तलाठ्याने पंचनामा केला असता, तर काही तरी हाताला लागलं असतं. दादाने अर्जच दिला नव्हता. पाच महिन्यांनी पडलेली भिंत तौक्तेने पाडली असं कोण म्हणणार आणि कशाच्या आधारावर? मी बँकेत नोकरी केली, विम्याची कागदपत्रं पाहिली आहेत, तिथेही हेच आहे. एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी मिळते, तिच्यात वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे धरलेलं आहे. पण महिनोन्‌महिने झिरपून झालेलं नुकसान तिथे चालत नाही. म्हणजे तेच पाणी पहिल्या आठवड्यात कळवलं तर अपघात ठरतं आणि चौथ्या महिन्यात तुमची हयगय ठरते.

पैशांचं जाऊ द्या. त्या भिंतीलगत बाबांची लाकडी पेटी होती आणि तिच्यात त्यांच्या हाताने लिहिलेल्या भजनांच्या अकरा वह्या. रंगकामाला पेटी हलवली तेव्हा वह्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या. ग्रंथालयात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, दोन दिवसांत सगळ्या सुकवता येणार नसतील तर ओढून सोडवू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेव. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये जागा दिली. मग एकेक वही काढून कोऱ्या कागदांत दाबून पंख्याखाली सुकवली. सात वाचल्या. चार वह्या आधीच लगदा झाल्या होत्या, त्यांतली शाई वाहून गेली. बाबांनी चाली कशा बांधल्या ते त्या चारांत होतं.

आता तुमचा फ्लॅट. तिथे माती नाही, भिंत बसणार नाही, पण स्लॅबमध्ये लोखंड आहे आणि पर्वरीला खारी हवा आहे. पाणी सळईपर्यंत गेलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. छताचे पोपडे पडून सळ्या दिसणारे फ्लॅट तुम्ही पाहिले असतील, ते असेच झालेले असतात. आजच त्या खोलीच्या पंख्या-दिव्याचा एमसीबी, म्हणजे मीटरपेटीतला वीज तोडणारा स्विच, पाडा, ओल्या छताचा पंखा आणि दिवा वापरू नका. कपाट भिंतीपासून ओढा, प्लायवूडचं असेल तर आधी तेच फुगेल. चार दिवस पाऊस उघडला तरी ओल तशीच राहते की कमी होते ते बघा. तशीच राहिली तर वरच्यांच्या बाथरूमची नहाणी किंवा पाइप बघायला लावा, कमी झाली तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. गच्ची असेल तर तिच्या पाणी जायच्या तोट्यांत अडकलेला पाला काढा आणि ताडपत्री घालून कडेने वाळूच्या पिशव्या ठेवा. फोटो काढा, सोसायटीला आणि वरच्यांना लेखी द्या, तोंडी नको. एसी वेगळ्या एमसीबीवर आणि कोरड्या भिंतीवर असेल, तर खोली सुकवायला खिडक्या बंद करून तो लावा.

आणि वॉटरप्रूफिंग. इथे मला सोसायटीची बाजूही सांगावी लागेल. ओल्या स्लॅबवर कोणतंच वॉटरप्रूफिंग नीट धरत नाही, कायमचं काम एप्रिल-मेमध्ये कोरड्या गच्चीवरच करायचं. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण कायमचं काम उद्या म्हणून आजची ताडपत्री नको, हे मी ऐकून घेणार नाही. कोणत्या कंपनीचं घ्यावं ते एखाद्या इंजिनिअरला गच्ची दाखवून विचारा, मी इंजिनिअर नाही. छत खाली झुकलेलं दिसलं किंवा पोपडे पडायला लागले तर मात्र त्या खोलीत झोपू नका आणि आधी त्यालाच बोलवा. काकीसारखी चूल किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद फ्लॅटमध्ये अजिबात नको, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणूस मरतो, धूर दिसला नाही तरी. तिचं घर चहूबाजूंनी उघडं होतं.

दादा आणि मी आता बोलतो. मे लागला की शिडी लावून तो आधी मागची कौलं बघतो. पण त्या भिंतीचा विषय निघाला की अजून म्हणतो, ती जुनीच होती, कधीतरी पडणारच होती. त्या खोलीच्या बाकीच्या तिन्ही भिंती त्याच वर्षी, त्याच मातीत, त्याच मेस्ताने बांधल्या होत्या. तिन्ही उभ्या आहेत.