वेटिंग १९ म्हणजे नेमकं कुणाच्या मागे?

प्रश्न : मुलगी ठाण्यातल्या कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बीए झाली. सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा देऊन तिने बाहेरच्या राज्यातल्या एका केंद्रीय विद्यापीठात पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीजच्या एमएला अर्ज केला. लिस्टमध्ये तिचं नाव वेटिंग १९ला आहे. तिच्या मैत्रिणीला ११ मार्क कमी असून सीट मिळाली. आमच्याकडे एसईबीसीचं प्रमाणपत्र आहे, तरी नाव जनरलमध्ये. एकाचा फोन आला होता, ४० हजारांत काम करून देतो म्हणाला. आणि हे शिकून पुढे काय, तेही सांगा. – एक वडील, कळवा

उत्तर : आधी तो नंबर ब्लॉक करा. लिस्ट लागली की असे फोन दरवर्षी सुरू होतात. त्यांचा धंदा सोपा आहे. वीस जणांकडून पैसे घ्यायचे. त्यातल्या चार-पाच जणांचं वेटिंग तसंही सरकणारच असतं, त्यांना ‘बघा, केलं ना काम’ म्हणायचं, आणि उरलेल्यांना ‘वरून अडलं’.

आता मैत्रिणीचं. तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. मुलीचं नाव आहे त्या पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘यूआर’ म्हणजे खुला प्रवर्ग छापलंय, मैत्रिणीच्या पानावर ‘ओबीसी-एनसीएल’, म्हणजे नॉन-क्रीमीलेअर ओबीसी. म्हणजे या दोघी एका रांगेत उभ्याच नाहीत. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना) १० टक्के जागा असतात. उरलेल्या ४०.५ टक्के खुल्या, आणि त्या कुठल्याही प्रवर्गातल्या जास्त मार्कवाल्याला मिळू शकतात. समजा वर्ग ३० जणांचा असेल, तर खुल्या जागा १२ च्या आसपास येतात. त्या १२ जणांच्या मागे तुमची मुलगी एकोणिसावी. मैत्रीण तिच्या रांगेत नियमाने पुढे आली आहे. दोघींची मैत्री या लिस्टपायी नासू देऊ नका.

एसईबीसीचा घोळ माझ्याकडे दर जून-जुलैत येतो. मराठा समाजासाठीचं हे १० टक्के आरक्षण २०२४ च्या राज्याच्या कायद्याने आलंय, ते केंद्रीय संस्थेच्या दारात चालत नाही. तिथल्या फॉर्ममध्ये तो पर्यायच नसतो, म्हणून सायबरवाल्याने जनरल टिक केलं असणार. खरं तर विचारायला हवं होतं ते ईडब्ल्यूएसचं. मराठा समाज केंद्राच्या ओबीसी यादीत नाही, त्यामुळे अटीत बसणाऱ्या कुटुंबाला केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र मागता येतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, शेती ५ एकरांपेक्षा कमी आणि फ्लॅट १००० चौरस फुटांपेक्षा लहान. कळव्यातला फ्लॅट बहुधा आड येणार नाही. गावाकडचा सातबारा मात्र काढून बघा, कारण वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब लोक विसरतात. (कुणबी नोंद सापडली असेल तर गोष्ट वेगळी, कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत.) फॉर्ममध्ये एकदा टाकलेला प्रवर्ग सहसा नंतर बदलून मिळत नाही, तेव्हा यंदा या अर्जापुरती ती संधी गेली असंच धरून चला.

मग १९ हा नंबर लागेल का? सीयूईटी पीजीची परीक्षा एक असली, तरी प्रवेशाची खिडकी एक नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापलं रजिस्ट्रेशन घेतं, आपापली लिस्ट लावतं. चांगला स्कोअर असलेली तीच ती पोरं चार ठिकाणी वर दिसतात, पण बसतात एकाच जागी. फी भरायची मुदत संपली की बाकीच्या तीन जागा सुटतात. म्हणूनच असल्या छोट्या कोर्सची लिस्ट बरीच सरकते, आणि मागच्या वर्षीच्या कटऑफवर डोकं फोडण्यात अर्थ नसतो. तरीही खरं सांगतो, १२ जागांच्या मागे १९ हा नंबर मला आवडलेला नाही. सात-आठ असता तर थांबा म्हटलं असतं.

तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये राज्यशास्त्राच्या एमएला अर्ज करून ठेवा, कळव्याहून जाऊन-येऊन होण्यासारखं आहे. इग्नूचा गांधी अँड पीस स्टडीजचा एमए घरी बसून करता येतो, त्याला मेरिट लिस्टच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सीयूईटी द्यायची झाली, तर वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ बघा. टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) हिच्याकडेही हा विषय आहे, पण मुंबईत देवनारला नाही, गुवाहाटीला. एका ठिकाणी फी भरली आणि दुसरीकडे नंबर लागला तर पैसे बुडतील, ही भीती बहुतेक पालकांना असते. यूजीसीचे परताव्याचे नियम आहेत. २०२४-२५ साली ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, असं होतं. यंदाचं परिपत्रक पाहून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

राहिलं ‘पुढे काय’. तुमच्या कळव्यापासून भिवंडी किती लांब? तिथे १९७० आणि १९८४ साली हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. पुढे १९८८ च्या सुमाराला सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं एका सतरंजीवर बसवली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. का राहिली, कोण कुणाशी बोलत होतं, दुसऱ्या शहरात हे जमेल का – तुमची मुलगी हेच शिकायला निघाली आहे. कामं मिळतात ती सामाजिक संस्थांत, संशोधनात, पत्रकारितेत. २०२३ साली मध्यस्थीचा कायदा झालाय, त्या बाजूलाही हळूहळू माणसं लागतील. सुरुवातीचा पगार मात्र आयटीवाल्या भाच्याशी ताडून बघू नका.

आता ती लिस्ट भिंतीवरून काढा आणि मुलीच्या ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज उघडा. वेटिंग सरकल्याचा मेल तिथेच जाऊन पडतो आणि उत्तर द्यायला फार वेळ मिळत नाही.