पहिल्या पोस्टला उत्तर कोण देणार?

प्रश्न : आम्ही तिघांनी मिळून बागकामाची हौस असणाऱ्यांसाठी एक सोशल अ‍ॅप तयार केलं आहे. लोक डाउनलोड करतात, प्रोफाइल बनवतात, दोन-चार दिवस चाळतात आणि दिसेनासे होतात. पोस्ट तर अगदी थोडेच करतात. एक भागीदार म्हणतो, जाहिरात वाढवू. दुसऱ्याला आणखी फीचर्स हवी आहेत. मला वाटतं, आम्हाला माणसंच नीट कळलेली नाहीत. पण माणसं कळण्यासाठी नेमकं करायचं काय?

उत्तर : तुमचं निदान मला पटतं. जाहिरात तूर्त थांबवा. आलेले लोक का जातात हे कळायच्या आत आणखी लोक बोलावले, तर जाणारेच वाढतील. आणि हिरमुसून गेलेला माणूस सहसा परत फिरकत नाही.

मी अशा अ‍ॅपच्या चाचण्यांना बसते. वापरणाऱ्याच्या शेजारी बसायचं, मदत करायची नाही, बोट कुठे अडतं तेवढं बघायचं. एका चाचणीत एका बाईंनी सुरेख चार ओळी लिहिल्या. मग दोन खोडल्या. पुन्हा लिहिल्या. अंगठा 'पोस्ट'च्या बटणापर्यंत नेला आणि तिथेच थांबून मला विचारलं, "हे कोणाकोणाला दिसेल?" मी नियमाप्रमाणे गप्प राहिले. त्यांनी सगळं पुसलं आणि फोन खाली ठेवला. नंतरच्या प्रश्नावलीत मात्र त्यांनी 'अ‍ॅप आवडलं, सोपं आहे' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण त्या कागदावर विसंबून राहिलं असतं, तर ती भीती कुणालाच दिसली नसती.

म्हणून तुमचं पहिलं काम हे : पाच-सहा अनोळखी लोकांना तुमचं अ‍ॅप वापरताना शेजारी बसून पाहा. तिघांनीही पाहा. एकाने पाहून दोघांना सांगितलं तर ते पटत नाही.

'कोणाला दिसेल' हा प्रश्न किरकोळ समजू नका. फेब्रुवारी 2010 मध्ये गूगलने जीमेलमध्ये 'बझ' नावाची सोशल सेवा आणली, तेव्हा तुमचा ज्यांच्याशी जास्त पत्रव्यवहार आणि चॅट, त्यांनाच आपोआप तुम्ही फॉलो करता त्या लोकांच्या यादीत घातलं आणि ती यादी इतरांना दिसू शकत होती. हिशेबाने ती कल्पना चोख होती. पण आपण डॉक्टरांना, वकिलांना, दुरावलेल्या जोडीदारालाही ईमेल करतो. गदारोळ झाला, गूगलला घाईने बदल करावे लागले आणि पुढच्याच वर्षी बझ बंद करण्याची घोषणा झाली. तुमच्या बटणाशेजारी 'हे फक्त या गटातल्या लोकांना दिसेल' एवढी ओळ घातलीत, तरी कितीतरी अडलेले अंगठे पुढे सरकतील.

आता रिकाम्या चौकटीबद्दल. 'आज काय शेअर कराल?' असं विचारलं की माणसाला वाटतं, सांगण्यासारखं काहीतरी थोर असलं पाहिजे. त्यातून नव्या माणसाला आधी तुमच्या फीडमध्ये दिसतात ते बहरलेल्या गुलाबांचे फोटो. त्याच्याकडे असते पानं पिवळी पडलेली एक कुंडी. तो कशाला बोलेल? त्यालाच विचारा, 'सध्या कुठल्या झाडाची काळजी वाटते?' फोटो टाकायला लगेच बटण द्या. अडचण सांगणं हे मिरवण्यापेक्षा कमी संकोचाचं असतं. आणि जाणकारांना सल्ला द्यायला मनापासून आवडतं, त्यांचीही सोय होते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या पिवळ्या पानांना उत्तर मिळालं पाहिजे. त्याच दिवशी, खऱ्या माणसाकडून, आणि ते पान नीट पाहून दिलेलं. 'छान!' नको. 'कुंडीतलं पाणी खालून निघतंय का? माती सतत ओली राहत असेल तर मुळं गुदमरतात' असं. पहिल्यांदा बोललेल्या माणसाला शांतता मिळाली, की 'इथे आपलं कुणी नाही' हे त्याचं ठरून जातं. सुरुवातीचे महिने हे उत्तर तुम्ही तिघांनी स्वतःच्या नावाने द्यायचं. खोटी खाती काढून गर्दी दाखवू नका. तुम्ही विश्वासावर उभे राहू पाहताय. एकूण डाउनलोडचा आकडा भिंतीवरून काढा आणि त्या जागी उत्तर न मिळालेल्या पहिल्या पोस्ट किती, हा आकडा लावा.

सगळ्यांनी पोस्ट करावी हा हट्टही सोडा. वेबसाइट लोकांना वापरायला सोप्या कशा होतील याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला ढोबळ नियम असा, की ऑनलाइन समूहात सुमारे 90 टक्के लोक नुसते वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का बहुतेक सगळं लिहितो. आकडे जागोजागी बदलतात, कल तोच. नुसतं वाचणाऱ्याला 'हे उपयोगी पडलं' असं एका टिचकीत सांगता येऊ द्या. लिहिणाऱ्याचा उत्साह त्यावर टिकतो.

फीचर्सबद्दल तुमच्या भागीदाराला इन्स्टाग्रामचा जन्म सांगा. त्याआधी 'बर्बन' नावाचं अ‍ॅप होतं. आपण कुठे आहोत ते कळवायचं, बेत आखायचे, फोटो टाकायचे. लोक फोटोच वापरतात हे त्यावर काम करणाऱ्या केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोटो, कमेंट, लाइक ठेवून बाकीचं बहुतेक काढून टाकलं आणि ऑक्टोबर 2010 मध्ये इन्स्टाग्राम आणलं. तुमच्याकडे लोक काय वापरतात ते बघा, उरलेलं निर्धास्त काढा.

आणि एकदम सगळ्यांसाठी दार उघडू नका. फेसबुक फेब्रुवारी 2004 मध्ये एकट्या हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालं. कुणालाही प्रवेश मिळाला तो सप्टेंबर 2006 मध्ये. आत गेल्यावर ओळखीचा चेहरा दिसणं, हे त्या छोट्या वर्तुळामुळेच शक्य झालं. तुम्ही फक्त बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांचे प्रश्न सारखे असतात, हंगामही सारखा, म्हणून एकमेकांना उत्तरं देता येतात.

प्रश्न : रोज उघडलं नाही तर 'साखळी तुटेल' अशी नोटिफिकेशन पाठवल्यावर आमचे आकडे चढले. पण मनाला पटत नाही. बंद करावी का?

उत्तर : करा. माणसाचं मन कळलं की ते वाकवताही येतं, हीच या कामातली खरी जोखीम. फेसबुकने 2012 मध्ये आठवडाभर 6,89,003 लोकांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर कमी-जास्त करून पाहिला. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा लोक संतापले, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या नोटिफिकेशनला मी एकच कसोटी लावते : ती का पाठवली हे खरंखरं कारण तिच्यातच लिहिता येईल का? 'तुमच्या प्रश्नाला उत्तर आलंय' हे लिहिता येतं. 'आमचे आकडे पडताहेत' हे येत नाही. साखळी बंद केल्यावर दोन आठवडे आकडे घसरतील, गुंतवणूकदार विचारतील. त्यांना पहिल्या महिन्यानंतरही स्वतःहून येणाऱ्यांचा आलेख वेगळा काढून दाखवा.