वाचकांचे प्रश्न : जुन्या इंग्रजीतील ‘यी’

प्रश्न : इंग्लंडमधील जुन्या धाटणीच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे शब्द वाचायला मिळतात. शब्दकोशात ‘यी’ या शब्दाचा अर्थ ‘तुम्ही’ असा दिला आहे, पण पाटीवर तो अर्थ लागत नाही. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कोठून?

उत्तर : आपल्याला आलेली शंका रास्त आहे, कारण वाय आणि ई या दोन अक्षरांनी लिहिलेले दोन वेगळे शब्द जुन्या इंग्रजीत आढळतात आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. शब्दकोशातले ‘तुम्ही’ हे सर्वनाम खरे ‘यी’ होय. पाटीवरचा शब्द मात्र ‘द’ हे रोजच्या वापरातले निश्चित उपपद आहे. त्याचे लेखन विचित्र दिसत असले, तरी त्याचा उच्चार ‘यी’ असा कधीच होत नव्हता.

हे लेखन समजून घ्यायचे तर एका लोप पावलेल्या अक्षराची हकिकत पाहावी लागते. आज टी आणि एच ही दोन अक्षरे जोडून जो ध्वनी लिहितात, त्यासाठी प्राचीन इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. रोमन लिपीत तसे अक्षर नसल्याने ते रून या जर्मानिक लिपीतून घेतलेले होते. ‘थॉर्न’ म्हणजे काटा, आणि या शब्दाचा आरंभ त्याच ध्वनीने होतो म्हणून अक्षरालाही ते नाव मिळाले. सरळ उभी रेघ आणि तिच्या मधोमध उजवीकडे फुगीर पोट, असे त्याचे मूळ रूप होते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत टी-एचची जोडी हळूहळू रूढ झाली. तरीही ‘द’ आणि ‘दॅट’ यांसारख्या वारंवार येणाऱ्या छोट्या शब्दांत लेखनिकांनी थॉर्न सोडला नाही. मात्र भराभर लिहिताना त्याच्या उभ्या रेघेचा वरचा भाग आखूड होत गेला, पोट वरून उघडे पडले आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांतील अनेक हस्तलिखितांत थॉर्न आणि वाय ओळखू येईनासे झाले. काही लेखनिक तर गोंधळ टाळण्यासाठी वायच्या डोक्यावर टिंब देत असत.

पुढे विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. मुद्रणाची कला युरोप खंडातून आली होती आणि तिकडच्या खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) संचांत थॉर्नला जागा असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे जेथे थॉर्न हवा तेथे त्याच्याशी सर्वांत जास्त साम्य असलेला वायचा खिळा वापरला जाऊ लागला. ‘द’ लिहिताना वायच्या माथ्यावर बारीक ई आणि ‘दॅट’ लिहिताना बारीक टी, असे हे संक्षेप होते. ओळीत जागा कमी पडली की जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, त्यांचा आधार घेत. राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतराच्या १६११ च्या पहिल्या आवृत्तीतही ते काही ठिकाणी दिसतात.

याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा स्ट्रॅटफर्ड येथील चर्चमध्ये शेक्सपिअरच्या समाधीच्या दगडावर आहे. जो माणूस हे दगड राखील त्याचे कल्याण असो आणि जो माझी हाडे हलवील त्याला शाप लागो, अशा अर्थाच्या तेथील ओळींत हे दोन्ही संक्षेप कोरलेले आहेत. तेथे ‘यी मॅन’ असे वाचणे चुकीचे असून ‘द मॅन’ हेच योग्य वाचन आहे. हस्तलेखनात ही सवय आणखी बराच काळ टिकली. पुढे तिचा विसर पडला आणि एकोणिसाव्या शतकापासून प्राचीनतेचा भास निर्माण करण्यासाठी पाट्यांवर ती मुद्दाम आणली गेली, तेव्हा ‘यी’ हा चुकीचा उच्चार पक्का झाला.

आता सर्वनामाविषयी. ‘यी’ हे द्वितीयपुरुषी अनेकवचन असून ते कर्त्याच्या जागी येई, तर कर्माच्या जागी ‘यू’ येई; एकवचनासाठी ‘दाऊ’ हा वेगळा शब्द होता. मराठीतल्याप्रमाणेच तेथेही आदरार्थी अनेकवचन रूढ झाले होते. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील ‘तुम्ही सत्य जाणाल आणि सत्य तुम्हांस मुक्त करील’ या वचनाचे १६११ चे इंग्रजी भाषांतर पाहिल्यास ‘तुम्ही’साठी ‘यी’ आणि ‘तुम्हांस’साठी ‘यू’ असा काटेकोर भेद आढळतो. बोलीत मात्र सोळाव्या शतकातच हा भेद पुसट होऊन ‘यू’ने दोन्ही जागा घेतल्या होत्या. आयर्लंडच्या इंग्रजीत अनेकवचनी ‘यी’ आजही बोलले जाते.

जुना मजकूर वाचताना वाक्यरचनेकडे लक्ष दिले, तर यांतला कोणता शब्द आहे हे सहसा कळते. पुढे क्रियापद असेल किंवा कोणाला उद्देशून हाक मारलेली असेल, तर ते सर्वनाम समजावे. पुढे साधे नाम किंवा विशेषण असेल, तर ते उपपद मानून खुशाल ‘द’ असे वाचावे.